शेरूचंही पोस्टिंग आलंय

विंचवाचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

एप्रिल लागला की माझं टपाल बदलतं. एरवी शाळेचे दाखले, कॅन्टीन कार्ड, अडकलेली पेन्शन, असे प्रश्न असतात. परीक्षा संपल्या की पोस्टिंग निघतात आणि मग 'काकू, सामान कसं न्यायचं' सुरू होतं. या खेपेला नऊ पत्रांपैकी चार जनावरांची निघाली, म्हणून हा अंक त्यांचा.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते. आमच्या ह्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. त्यात मी ११ क्वार्टर लावली आणि ११ रिकामी केली. आता मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर स्थिर आहोत, पण माळ्यावरच्या काळ्या ट्रंका भंगारात द्यायला माझा हात काही धजत नाही.

काकू, आम्ही कुलाब्याला राहतो. मिस्टर हवालदार आहेत. पोस्टिंग जालंधरला आलंय, मेच्या तिसऱ्या आठवड्यात हजर व्हायचंय. मुलगी आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. आमचा शेरू लॅब्रॅडॉर आहे, पाच वर्षांचा, वजन ३४ किलो. सामानाचा ट्रकवाला म्हणतो, तीन हजार द्या, मागे कपाटाशेजारी बांधून नेतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, झोपेची गोळी दे आणि रेल्वेच्या डॉगबॉक्समध्ये टाक. विमानाचंही कुणी म्हणालं. मला काहीच सुचत नाही. — एक वाचक, कुलाबा

तुझं पत्र मिळाल्यावर मी लगेच फोन केला होता, त्यामुळे तुला हे माहीत आहे. बाकीच्यांसाठी पुन्हा सांगते.

आधी ट्रक. नको. बंद बॉडीचा ट्रक, मेचं ऊन, वाटेत दोन गोडाऊनात मुक्काम, सामान पोचायला आठवडा. मागच्या फाळक्याआड काय चाललंय हे ड्रायव्हरला धाब्यावर थांबेपर्यंत कळत नाही. तीन हजार हा आकडा त्याने हसत हसत सांगितला असेल, तूही हसूनच नाही म्हण.

झोपेची गोळीही नको. गुंगीतल्या कुत्र्याला स्वतःचं अंग थंड ठेवता येत नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून तो उष्णता बाहेर काढतो, आणि गोळीने नेमकी ती धापच मंदावते. शिवाय रक्तदाब उतरतो. विमानकंपन्यासुद्धा गुंगी दिलेलं जनावर घ्यायला राजी नसतात. गाडी लागून ओकारी होत असेल तर त्याचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून घे आणि प्रवासाआधी एकदा घरी देऊन बघ.

विमानात ३४ किलोचं कुत्रं पायाशी बसत नाही. ते पिंजऱ्यात घालून पोटातल्या सामानघरात जातं. त्याला त्यात ताठ उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, असा नियम आहे. एवढा पिंजरा विकत घ्यायचा, त्याची शेरूला महिनाभर सवय लावायची, कंपनी कुत्री नेते का ते विचारायचं (सगळ्या नेत नाहीत), आणि मग दुपारी दोन वाजता धावपट्टीवर तो पिंजरा उन्हात उभा. मे महिन्यात मी हे करणार नाही. पग, बुलडॉग असलं चपट्या नाकाचं कुत्रं असतं तर डिसेंबरातही केलं नसतं.

राहिली रेल्वे. ती मला माहीत आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार, यांत मोठं कुत्रं चालत नाही. कुणाच्या ओळखीने चढवलंत तर मध्येच टीसी उतरवतो आणि दंड वेगळा. रस्ते दोनच. एक, फर्स्ट एसीतला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन, पूर्ण तुमची. दुसरा, गार्डच्या डब्यातला डॉगबॉक्स. गार्डला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डॉगबॉक्सचं नाव आणि ऊन दोन्ही होतं तेच आहे.

आमच्या मोती कुत्र्याला मी डॉगबॉक्समधून नेलंय. १९९३, पुणे ते जम्मू, झेलम एक्स्प्रेस, तीही डिसेंबरात. लोखंडी खण, जाळीचं दार, आत गोणपाट. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर मी स्टीलचा गडू घेऊन आमच्या डब्यापासून गाडीच्या टोकापर्यंत पळायची आणि कडेवर मोठा मुलगा. इटारसीला पोचले तर गार्डकाकांनी त्याला आधीच पाणी पाजून बिस्किटं दिलेली. मला म्हणाले, "माताजी, आप भागिए मत, गिर जाएँगी." त्यांचं नाव मला माहीत नाही, पण इटारसी म्हटलं की अजून तेच आठवतात. मोती मात्र जम्मूला उतरल्यावर दोन दिवस कॉटखालून बाहेर आला नाही. ही थंडीतली आणि भल्या गार्डची गोष्ट झाली. मेमध्ये कोट्याच्या पुढे तो लोखंडी खण तव्यासारखा तापतो. शेरूला त्यात घालू नकोस.

म्हणजे कूपे. आता पैशाचं बघू. जवानाच्या वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटावर, फर्स्ट एसी मिळत नाही. (आता सगळं डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवर ऑनलाइन निघतं, तरी तोंडात वॉरंटच येतं.) बदलीचं अनुदान मूळ पगाराच्या ८० टक्के येतं, पण त्यात ट्रक, शाळेची फी आणि नवे पडदेच निघतात, कुत्र्याचं वेगळं काही नसतं. चौघांची फर्स्ट एसी तिकिटं काढलीस तर ते अनुदान मुंबई सेंट्रललाच संपेल. म्हणून मी सांगितलेला तोडगा असा: मिस्टर आणि मुलगी, दोघांचं फर्स्ट एसीचं तिकीट, एकाच पीएनआरवर, स्वतःच्या पैशाने. तू आणि मुलगा त्याच गाडीच्या थर्ड एसीत, वॉरंटवर. दोघांना कूपे पुरतो. गाडी गोल्डन टेम्पल मेल घे, मुंबई सेंट्रलहून थेट जालंधर. आमच्या वेळी ती फ्रंटिअर मेल होती, आमचे हे अजूनही तेच म्हणतात.

आता यातली मेख. तिकीट काढताना कूपे तुमचा होत नाही. कुठला बर्थ कुणाला हे चार्ट लागताना ठरतं. दोन अनोळखी माणसांबरोबर चारच्या केबिनीत टाकलं तर शेरू चढू शकत नाही. म्हणून तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटच्या मुख्यालयात अर्ज द्यायचा. पीएनआर, तारीख, कुत्रं बरोबर आहे, कूपे द्यावा, एवढंच लिही. सोबत तिकिटाची आणि मूव्हमेंट ऑर्डरची, म्हणजे बदलीच्या हुकमाची, प्रत जोड, पोच घे. स्टेशनवरच्या मिलिटरीच्या एमसीओलाही मिस्टरांनी भेटून ठेवावं. प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करायला लाज वाटू देऊ नकोस.

कूपे मिळाला म्हणजे शेरूचं तिकीट झालं असं नाही. ते पार्सल ऑफिसात होतं, त्याच दिवशी, वजनावर, सामानाच्या हिशोबाने. गाडीच्या तीन तास आधी शेरूसकट तिथे हजर राहायचं. हातात तिकीट, ओळखपत्र, लसीकरणाचं पुस्तक आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला. हा दाखला प्रवासाआधीच्या २४ ते ४८ तासांतला लागतो, आठवडाभर आधी घेतलेला चालत नाही. तुला परळचं जनावरांचं हॉस्पिटल, आपलं बैलघोडा, सोयीचं पडेल. रेबीजची लस कधीची आहे ते आजच बघ. वर्ष मेमध्ये संपत असेल तर आत्ताच टोचून घे, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. आणि कुलाब्याहून मुंबई सेंट्रलला जायची टॅक्सी आदल्या दिवशी ओळखीच्या माणसाला सांगून ठेव. आयत्या वेळी कुत्रं पाहिलं की काळीपिवळी थांबतसुद्धा नाही.

गाडीत बसायच्या दोन तास आधी थोडं खाणं, पाणी, आणि लांब फेरी. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे सरकारी नियम आहेत, त्यात उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा खाणं सांगितलंय. मला ते प्रमाण अनुभवानेही बरोबर वाटतं. गाडीत भरपेट दहीभात घालू नका, निस्तरायला मुलगी लागेल. शूचं मात्र अवघड. घरचं कुत्रं फलाटाच्या फरशीवर करत नाही, तोंडाकडे बघत राहतं. वडोदरा, रतलाम, कोटा इथे गाडी थांबते. डबा कुठे लागतो ते बघून मिस्टरांनी पट्टा धरूनच उतरायचं. घरून शेरूने भिजवलेला जुना वर्तमानपत्राचा कागद पिशवीत न्या आणि फलाटाच्या कडेला पसरा. वास आला की बरीच कुत्री मान्य करतात. मोतीने नाही केलं. तो स्वभावाने सुभेदार होता.

कूपेचा एसी बंद पडला तर? जीभ गडद लाल, लाळ दाट, पाय लटपटतात, ही ऊन लागल्याची खूण. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता, बर्फ लावू नका. पुढच्या स्टेशनला डॉक्टरसाठी रेल्वेच्या १३९ला फोन करून बघा. मिळेल याची खात्री कमी, म्हणून पाण्याच्या चार बाटल्या जास्तीच्या ठेवा.

आणि कूपे मिळालाच नाही तर काय, हे आजच ठरव, फलाटावर नको. माझं मत, शेरूचं पोस्टिंग पाच महिने पुढे ढकल. तुझा भाऊ चिंचवडला आहे असं तू फोनवर म्हणालीस. त्याच्याकडे ठेव, ऑक्टोबरात मिस्टर सुट्टीवर आले की घेऊन जातील. तसंही जालंधरला क्वार्टर लगेच मिळेल असं नाही. वेटिंग असेल तर छावणीबाहेर सिव्हिलमध्ये भाड्याने राहाल, आणि त्या घरमालकाला ३४ किलोचं कुत्रं चालतं का हे कुणी विचारलंय? आधी ते विचार. महापालिकेचा इथला परवाना इथेच राहतो, तिकडे नवी नोंद करावी लागेल.

एक शेवटचं. सामान भरायच्या दिवशी शेरूला रिकाम्या बाथरूममध्ये किंवा शेजारी ठेव. सगळी दारं सताड उघडी, हमाल आत-बाहेर, क्वार्टरची देखभाल करणाऱ्या एमईएसचा माणूस पंखे मोजतोय. कुत्री हरवतात ती प्रवासात नाही, याच दिवशी. ट्रंकेवर आपण पांढऱ्या रंगाने नाव, नंबर, युनिट लिहितो ना, तसा त्याच्या पट्ट्यावर मिस्टरांचा मोबाइल नंबर लिही. कुलाब्याचा पत्ता नको, तो उद्यापासून दुसऱ्याचा आहे.

आमच्याकडे सात वर्षांपासून पोपट आहे, 'विठू विठू' म्हणतो. कलिन्याहून लखनौला जायचंय. विमानात पिंजरा नेता येईल का? — एक वाचक

नाही. आणि हा प्रश्न काउंटरवर विचारू नका. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो सात वर्षं पाळला तरी कायदेशीर होत नाही. आमच्या माहेरीही होता, डाळिंबाचे दाणे खायचा, तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. खिडकी उघडून सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यातल्या पोपटाला बाहेर खाणं शोधता येत नाही, कावळे फाडतात. वनखात्याच्या ताब्यात द्या, ते तपासून काय करायचं ते ठरवतात.

मिस्टरांना फील्ड पोस्टिंग आलंय, तिथे कुटुंब नेता येत नाही. मी आणि बाळ सासरी सातारा जिल्ह्यातल्या गावी जाणार. आमचा टायगर गावठीच आहे, क्वार्टरच्या जिन्याखाली सापडला होता. सासूबाई म्हणतात, कुत्रं घरात आणू नका, युनिटमध्ये सोडून या, आर्मीत कुत्र्यांना काय कमी? मिस्टर काही बोलत नाहीत. — एक वाचक, कांदिवली

सासूबाईंना सांग, आर्मीची कुत्री म्हणजे मेरठला शिकलेली, नंबर असलेली, रेशन मंजूर असलेली. त्यांना हॅन्डलर असतो, डॉक्टर असतो. टायगर कुणाच्या हजेरीपटावर आहे? त्याला लंगरचं, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातलं, उरलेलं मिळेल, तेही लंगरचा माणूस बदलेपर्यंत.

मला हे माहीत आहे कारण मी ते केलंय. मोतीच्या आधी आमच्याकडे राणी होती, तीही जिन्याखालचीच. मध्य प्रदेशातली एक छावणी, धाकटा चार महिन्यांचा, ह्यांना निघायला पाच दिवस. लंगरचा एक जवान म्हणाला, भाभीजी, मी बघतो. मी तिचं ताट, सतरंजी आणि किलोभर तांदूळ त्याच्याकडे दिले आणि स्वतःला सांगितलं की झालं. तीन महिन्यांनी शेजारणीचं पत्र आलं. त्यात मुलांचं, पावसाचं, मग एक ओळ: 'तुमची राणी रोज संध्याकाळी तुमच्याच पायरीवर येऊन बसते, नवीन लोक पाणी मारतात.' मी उत्तर लिहिलं, त्यात राणीचं काही विचारलं नाही. तिनेही पुन्हा लिहिलं नाही.

तेव्हा सोडून येण्याची गोष्ट डोक्यातून काढ. उपाशी-तहानलं राहील असं जनावर टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यातही बसतं, पण सासूबाईंसमोर कायदा काढू नकोस, फळणार नाही. त्या 'घरात' म्हणाल्यात. गावाकडे घर आणि अंगण या दोन गोष्टी असतात. टायगर गावठी आहे, उन्हापावसाला काटक आहे. त्याची नसबंदी आणि लसी इथे करून ने, म्हणजे गावभर पोरं वाढवल्याची तक्रार येणार नाही. सासूबाईंना सांग, तो ओसरीच्या आत येणार नाही, त्याचं मी बघेन. आणि मामंजींना रात्री शेतावर जायला सोबत होईल हे तू बोलू नकोस, ते मिस्टरांना बोलू दे. नेण्यासाठी कांदिवलीहून साताऱ्याची गाडी करा, रात्री निघा, सहा-सात तासांचं काम आहे.

तरीही जमलंच नाही तर एक माणूस शोध. युनिट नाही, सोसायटी नाही, 'आम्ही सगळे मिळून बघू' तर नाहीच. ज्याच्या दारात जाऊन उद्या विचारता येईल असा एक माणूस. टायगरला आधी पंधरा दिवस त्याच्याकडे राहू दे, तू इथे असतानाच. चाललं नाही तर परत घेता येईल.

मिस्टर बोलत नाहीत म्हणतेस. फील्डमधून पहिला फोन आला की बाळानंतर कुणाबद्दल विचारतात ते बघ.

काकू आजी, मी सहावीत आहे. माझे बाबा नेव्हीत आहेत. आम्ही मालाडहून कोचीला जाणार. माझा बोका चॉकलेट पांढरा, काळा आणि नारिंगी आहे. त्याला नवीन घर आपलं वाटेल का? तो पळून जाईल का? हल्ली तो खूप जाड झालाय आणि कपाटात जाऊन बसतो, म्हणून आई म्हणते त्याला समजलंय. — तुमची छोटी वाचक

चॉकलेटला नक्की काहीतरी समजलंय, पण ते कोचीचं नसावं. पांढरा, काळा, नारिंगी असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. तीन रंगांचा बोका फार म्हणजे फार क्वचित. आता त्यात जाड होणं आणि कपाटात बसणं मिळव. हे उत्तर आईला वाचून दाखव आणि चॉकलेटला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या.

पिल्लं असतील तर तिला आत्ता विमानात नेता येणार नाही. दिवस भरत आलेल्या मांजरीला न्यायचं नाही असा नियम आहे, आणि डॉक्टर तसा दाखलाही देणार नाहीत. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे असतात, मग पिल्लं आईपासून सुटी व्हायला आणखी दोन महिने. बाबांना हजर व्हायची तारीख आहे, तुला आणि आईला शाळा सुरू होईपर्यंत थोडी सवड आहे. ते गणित तिघांनी बसून करा. बाबा पुढे गेले तर काही बिघडत नाही, आमच्याकडे असं पुष्कळदा व्हायचं.

जेव्हा जाल तेव्हा हे लक्षात ठेव. मांजर केबिनमध्ये पायाशी नेऊ देणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत आणि वजन पिशवीसकट धरतात. एका विमानात थोडीच जनावरं घेतात, म्हणून आईला तिकीट काढायच्या आधी फोन करायला सांग. विमानतळावर पिशवी मशीनमधून जाते आणि मांजर तुझ्या हातात. तिथे ती घाबरून उडी मारते. म्हणून घरूनच तिला छातीचा पट्टा घाल आणि दोरी मनगटाला गुंडाळ. पिशवी आजपासून उघडी ठेव, त्यात तिची सतरंजी टाक, तिला वाटलं तर ती जाऊन बसेल.

नव्या घरात पहिले पंधरा दिवस एकच खोली. खिडक्या बंद, जुनी सतरंजी न धुता तशीच, शी-शूच्या मातीचा डबाही इथलाच. मांजर माणसापेक्षा घराला जास्त धरून असतं, त्यामुळे आधी तिला एक खोली 'माझी' होऊ दे, मग दुसरी. तू रोज तिथे बसून अभ्यास कर. ती कपाटामागे गेली तर ओढू नकोस.

आणि नाव चॉकलेटच राहू दे. पिल्लं किती झाली आणि कुठल्या रंगाची ते मला कळव. त्यातलं एक कुठे ठेवायचं हा प्रश्न तुझी आई मला पुढच्या अंकात विचारेलच.